सिंगर कोण होता? वाशीतल्या एका जुन्या लाकडी पेटीमुळे सापडलेली गोष्ट

गूगलवर वाशी टाकलं की नवी मुंबईचं स्टेशन आणि मॉल समोर येतात. आमची वाशी ती नव्हे. आमची धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगररांगेतली, तालुक्याचं ठिकाण असूनही मोठ्या खरेदीला बार्शी गाठणारी. मागच्या दिवाळीत घर आवरताना तिथल्या माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली काढली. वरून घुमटासारखी गोल, मधोमध उचलायची कडी, बाजूला गंजून बसलेलं कुलूप. आत आजीचं शिलाई मशीन, हाताने फिरवायचं, काळं, सोनेरी नक्षीचं.

मशीनला तेल सोडलं आणि ते पंधरा मिनिटांत फिरायला लागलं. पेटीला मात्र तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी एकच नाव डोळ्यांसमोर होतं, सिंगर. मशीनच्या अंगावर, बिल्ल्यावर, पेटीवर. आपण फोनवर रोज डझनभर कंपन्यांची नावं बघतो आणि ती माणसांची असू शकतात हे डोक्यातच येत नाही. हे नाव माणसाचं होतं, म्हणून शोधायला बसलो.

त्याच्याबद्दल आपल्याकडे एक गोड गोष्ट चालत आलेली आहे. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिलाई मशीनचा अपवाद केला होता. सिंगरला बायकोचे शिवणाचे कष्ट बघवले नाहीत आणि प्रेमापोटी त्याने हे यंत्र बनवलं, असं त्यांनी सांगितलं. खरा सिंगर याच्या बराच उलटा निघाला.

नट, सुतार, मेकॅनिक

आयझॅक मेरिट सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या पिट्सटाउनचा. बाप जर्मनीहून आलेला. आईवडील वेगळे झाले आणि बारा वर्षांचा आयझॅक घर सोडून मोठ्या भावाकडे रॉचेस्टरला गेला. शाळा जेमतेम. एकोणिसाव्या वर्षी एका मशीन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आणि काही महिन्यांतच तेही सोडून नाटकात गेला.

नाटकाचं वेड शेवटपर्यंत सुटलं नाही. उंचापुरा, आवाज खणखणीत, पण पोट भरेल एवढं यश कधी मिळालं नाही. मग अधूनमधून मजुरी, सुतारकाम, यंत्रकाम. १८३९ मध्ये इलिनॉयमध्ये कालव्याच्या कामावर असताना त्याने दगडात भोकं पाडायचं यंत्र बनवलं, पेटंट घेतलं आणि २,००० डॉलरला विकलं. तेव्हा ही रक्कम मोठी होती. दुसरा कोणी असता तर वर्कशॉप टाकलं असतं. याने नाटक कंपनी काढली. नाव ठेवलं मेरिट प्लेअर्स, स्वतःच्या मधल्या नावावरून. पुढची पाचेक वर्षं गाडीतून गावोगाव हिंडत खेळ केले, आपल्याकडच्या फडासारखे. पैसे संपले तेव्हा कंपनीही संपली.

(हे मेरिट नाव लक्षात ठेवा. आपल्याकडे घराघरांत मेरिटची मशीनं असतात. परीक्षेतल्या मेरिटवरून हे नाव आलं असं मला लहानपणी वाटायचं. भारतात सिंगरने या ब्रँडने मशीनं विकली, आणि ते याच नटाचं मधलं नाव आहे.)

१८४९ मध्ये त्याने छापखान्यासाठी लाकडी अक्षरं कोरायचं यंत्र पेटंट केलं. न्यूयॉर्कला ज्या वर्कशॉपमध्ये ते ठेवलं होतं तिथला बॉयलर फुटला आणि यंत्र गेलं. त्याला पैसे पुरवणारा एक माणूस होता, जॉर्ज झीबर, पुस्तकांच्या धंद्यातला. दोघांनी नवं यंत्र बनवलं आणि १८५० मध्ये बोस्टनला ऑर्सन फेल्प्सच्या वर्कशॉपमध्ये जागा भाड्याने घेतली. अक्षरं कोरायचं यंत्र बघायला फारसं कोणी आलं नाही. पण फेल्प्सकडे एका दुसऱ्या कंपनीची शिलाई मशीनं बनत होती आणि ती सारखी बिघडून परत येत होती. फेल्प्सने सिंगरला म्हटलं, यात काही करता येतं का बघ.

बायकोचे कष्ट, प्रेम वगैरे काही नाही. शेजारच्या टेबलावर दुसऱ्याचं बिघडलेलं मशीन होतं आणि खिसा रिकामा होता.

अकरा दिवस

त्याने काय बदललं ते समजायला टाका कसा पडतो ते आधी बघू. हातशिलाईत एकच दोरा कापडाच्या आरपार जातो. मशीनमध्ये दोन दोरे असतात. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो. सुई वर यायला लागली की तिथे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. खालून शटल दुसरा दोरा घेऊन त्या फाशातून पार होते. सुई वर गेली, दोरा ओढला गेला की दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. यासाठी सुईचं नेढं मागे नाही, टोकाजवळ हवं. मशीनची सुई हातात घेऊन बघा, तसंच असतं.

हा भाग सिंगरचा नाही. वॉल्टर हंट नावाच्या माणसाने १८३० च्या दशकातच असं यंत्र बनवलं होतं, पेटंट मात्र घेतलं नाही. (सेफ्टी पिन पण त्याचीच.) इलायस हाऊने १८४६ मध्ये पेटंट घेतलं, पण त्याचं मशीन विकलं जात नव्हतं.

फेल्प्सकडच्या मशीनमध्ये शटल गोल फिरायची. प्रत्येक फेरीत दोऱ्याचा पीळ सुटायचा आणि दोरा तुटायचा. सुई वाकडी आणि आडवी होती. सिंगर म्हणाला, शटल सरळ पुढे-मागे जाऊ दे, सुई सरळ आणि उभी असू दे, कापड खाली सपाट टेबलावर राहू दे आणि वरून दाबून धरलं जाऊ दे. आज शिंप्याच्या दुकानात जे दिसतं त्याचा आकार इथे ठरला. झीबरने ४० डॉलर घातले आणि अकरा दिवसांत मशीन उभं राहिलं. शेवटच्या रात्री टाके सैल पडत होते, कापडाच्या वर दोऱ्याची वेटोळी येत होती. दोघं कंटाळून निघाले. वाटेत झीबरने त्या वेटोळ्यांची आठवण काढली आणि सिंगरच्या लक्षात आलं की वरच्या दोऱ्याला ताण द्यायचाच राहिलाय. परत जाऊन ताण बसवला, पाच टाके नीट पडले. ही हकिगत सिंगरने स्वतः नंतर सांगितलेली आहे, आणि माणूस नट होता, तेव्हा थोडं तिखट-मीठ धरून चाला. पेटंट मात्र खरं, १२ ऑगस्ट १८५१, क्रमांक ८२९४.

पुढचा भाग मला वाचताना आवडला नाही. भागीदार तिघं होते, सिंगर, झीबर आणि फेल्प्स. फेल्प्सला ४,००० डॉलर देऊन बाजूला केलं. मग झीबर आजारी पडला. सिंगर त्याच्या उशाशी जाऊन बसला आणि डॉक्टरांच्या मते तू वाचत नाहीस, तुझा हिस्सा विकून टाकतोस का, असं विचारलं. घाबरलेल्या झीबरने ६,००० डॉलरला हिस्सा विकला. झीबर बरा झाला. हिस्सा परत मिळाला नाही. थोड्याच वर्षांत त्या हिश्श्याची किंमत लाखांत गेली असती. सॉफ्टवेअरमध्ये काम करताना कोफाउंडरच्या भांडणाच्या पुष्कळ कथा ऐकल्यात. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची ही त्यातली बहुतेकांवर भारी पडते.

खोका, जो टेबल झाला

आता पेटीकडे येतो, कारण सिंगरच्या गोष्टीत पेटी सुरुवातीपासूनच आहे. ती पहिली मशीनं भली जड होती आणि गिऱ्हाइकाकडे लाकडी खोक्यात जायची. खोका फेकून द्यायचा नाही, त्याच्यावरच मशीन ठेवायचं. खोक्याला खाली बिजागरीवर एक फळी लावलेली, ती पायाने हलवली की चाक फिरायचं. म्हणजे पॅकिंग, टेबल आणि पायडल, तिन्ही एकच. पायाने चालवल्यामुळे दोन्ही हात कापडासाठी मोकळे राहिले.

पेटंटच्या बाबतीत एवढा हुशार माणूस, पण या पायडलचं पेटंट घ्यायचं त्याला सुचलंच नाही. दुसऱ्या एका उत्पादकाने लक्षात आणून दिलं तोवर मशीनं खुल्या बाजारात दोनेक वर्षं विकून झाली होती. वेळ निघून गेली होती. हा नियम ढोबळमानाने आजही आहे, भारतातही. नवी गोष्ट जगाला दाखवून, विकून मोकळे झालात की मग पेटंटच्या दृष्टीने ती नवी राहत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ घाईने यूट्यूबवर टाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. तसं सिंगरचं हे विसरणं जगाच्या पथ्यावरच पडलं. पायमशीन कोणालाही बनवता आलं.

हप्ते, एक्स्चेंज आणि पेटंटची लढाई

इलायस हाऊने पेटंटवरून खटला भरला. सिंगरचा वकील आणि आता भागीदार झालेला एडवर्ड क्लार्क याने वॉल्टर हंटचं जुनं यंत्र शोधून काढून बचाव केला, पण पेटंट नसल्यामुळे तो टिकला नाही. १८५४ मध्ये सिंगरने हाऊला १५,००० डॉलर दिले आणि लायसन्स घेतलं. तरी गुंता सुटेना. सुई एकाची, कापड सरकवायची पद्धत दुसऱ्याची, शटल तिसऱ्याची. प्रत्येकजण दुसऱ्याला कोर्टात खेचत होता आणि पूर्ण मशीन कायदेशीरपणे कोणालाच बनवता येत नव्हतं.

१८५६ मध्ये सिंगर, हाऊ आणि आणखी दोन कंपन्यांनी सगळी पेटंटं एका गाठोड्यात बांधली. जो कोणी मशीन बनवेल त्याने ठरलेली फी भरायची आणि ती सगळ्यांत वाटली जायची. याला पेटंट पूल म्हणतात. तुमच्या फोनमध्ये व्हिडिओ चालतो तो ज्या फॉरमॅटमुळे, त्याची पेटंटंही डझनभर कंपन्यांची आहेत आणि त्यांचे असेच पूल आहेत. फोनच्या किमतीत त्याचा वाटा असतो. ही व्यवस्था शिलाई मशीनवाल्यांनी बसवली.

दुसरी गोष्ट किमतीची. मशीन शंभर डॉलरच्या वर होतं आणि साध्या अमेरिकन कुटुंबाची वर्षाची कमाई पाचशेच्या आसपास. क्लार्कने त्याच वर्षी हप्ते सुरू केले, पाच डॉलर भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याला. एका वर्षात विक्री जवळजवळ तिप्पट झाली. मग जुनं मशीन द्या आणि नव्यावर पन्नास डॉलर सूट घ्या, हीही योजना आली. बिग बिलियन डेची जाहिरात बघितली की मला आता क्लार्क आठवतो. नटाचा उपयोग इथे झाला. जत्रांमध्ये, सभागृहांत सिंगर स्वतः मशीन चालवून दाखवायचा. ब्रॉडवेवर झगमगीत शोरूम काढलं आणि काचेमागे बायका मशीन चालवताना बसवल्या, कारण बायकांना यंत्र झेपत नाही असं तेव्हाच्या पुरुषांना वाटायचं.

पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला चौदा तास आणि मशीनवर सव्वा तास, असा हिशेब तेव्हाचे मशीनवाले देत. विकणाऱ्यांचा हिशेब आहे, तरी निम्मा खरा धरला तरी पुष्कळ झालं.

घरातला सिंगर

त्याचं पहिलं लग्न १८३० मध्ये कॅथरीन हॅलेशी झालं. पुढे ती वेगळी राहू लागली. १८३६ पासून मेरी ॲन स्पॉन्सलर त्याच्याबरोबर होती. नाटकात तिनेही कामं केली, गरिबीचे दिवस काढले, तिला दहा मुलं झाली. लग्न करू, असं तो सांगत राहिला. पैसे आल्यावर न्यूयॉर्कला आणखी दोन घरं वेगळ्या नावांनी चालू झाली आणि एका घराला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. १८६० मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर मेरी ॲनच्या गाडीसमोर त्याची गाडी आली, शेजारी दुसरी बाई. ती भर रस्त्यात ओरडली. घरी आल्यावर त्याने तिला आणि मुलीला मारलं. तिने तक्रार केली, त्याला अटक झाली, सुटून तो युरोपला पळाला. एकूण पाच स्त्रिया आणि वीसहून जास्त मुलं, असा हा संसार.

क्लार्कला घाम फुटला. कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे सभ्य घरातल्या गृहिणी. १८६३ मध्ये भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी केली आणि दोघांपैकी एक जिवंत असेपर्यंत दुसऱ्याने अध्यक्ष व्हायचं नाही, असं ठरलं. शेअर्स मिळाले, कामाशी संबंध संपला. त्याच वर्षी त्याने इझाबेला बॉयरशी लग्न केलं. आधी पॅरिस, मग १८७० च्या युद्धामुळे इंग्लंड. पेंटनला मोठा वाडा बांधायला घेतला, त्यात नाटकांची सोयही ठरवली होती. तो पुरा व्हायच्या आत २३ जुलै १८७५ ला तो वारला.

गांधीजींनी ज्या बायकोच्या कष्टांची गोष्ट सांगितली, ती मेरी ॲन असती तर तिला काय वाटलं असतं कुणास ठाऊक. पण मशीनबद्दल ते म्हणत होते ते मला पटतं. ज्या घरात ते गेलं तिथल्या बाईचे कष्ट कमी झाले, मग बनवणारा कसा का असेना.

पेटी दुरुस्त कशी केली

सिंगर गेला त्याच सुमारास कंपनी हिंदुस्थानात पाय रोवत होती. मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी पुढची कित्येक वर्षं तिचा इथला धंदा सांभाळला. आपल्याकडे आलेली बरीच मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लायडबँकच्या कारखान्यातली. मॉडेलच्या आकड्यापुढे इंग्रजी के असेल तर ते तिथलं, कारण त्या जागेचं नाव किलबोवी. अंगावरच्या सिरियल नंबरवरून वर्षही निघतं, फोटो काढून नेटवर तपासता येतं. आमचं विसाव्या शतकाच्या मध्याचं निघालं. पोलीस ॲक्शनच्या आधी वाशी निजामाच्या हद्दीत आणि बार्शी इंग्रजांच्या, मध्ये करोडगिरीचा नाका. ते सगळं मिटल्यानंतर आजीने हे बार्शीहून आणलं, तेही हप्त्यावर, असं घरात सांगतात.

अशी पेटी तुमच्याकडे असेल तर पहिलं सांगणं, पॉलिश पेपर हातात घेऊ नका. ही गोल पेटी एका फळीची नसते. लाकडाचे पातळ थर सरसाने एकमेकांवर चिकटवून साच्यात वाकवलेले असतात, आजच्या प्लायवूडसारखे. वरचा थर इतका पातळ असतो की दोन मिनिटं जोरात घासलं तर खालचं लाकूड उघडं पडतं. मी एका कोपऱ्यावर हे करून बसलोय, तो डाग आता कायमचा.

आमच्याकडे उन्हाळा कोरडा आणि कडक, त्यात सरस वाळून भुगा होतो. कडेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. जुना सरस कोमट पाण्याने मऊ होतो, म्हणून ओलसर फडक्याने तो काढला, एक दिवस सावलीत वाळवलं, मग लाकडाचा फेव्हिकॉल पातळ ब्रशने आत घालून दोन पट्ट्यांमध्ये दाबून रात्रभर बांधून ठेवलं. उन्हात वाळवू नका, पुन्हा फाटेल. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर आधी किडीचं औषध.

पॉलिश कोणतं आहे ते ओळखायला न दिसणाऱ्या जागी स्पिरीटचा बोळा लावा. चिकट झालं तर ते लाखेचं. लाखेची गंमत अशी की ती स्पिरीटमध्ये पुन्हा विरघळते. म्हणजे वरून नवा पातळ हात दिला की जुना थर थोडा वितळून त्याच्यात मिसळतो आणि ओरखडे भरून येतात. खरवडायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात चपडा लाख आणि स्पिरीट दोन्ही मिळतं. सुती फडक्याची पुरचुंडी करून पातळ पातळ सात-आठ हात दिले, प्रत्येक हातानंतर थांबून. सोनेरी अक्षरांवरून मात्र एकदाच आणि हलक्या हाताने, कारण स्पिरीटने तीही सुटतात.

कुलूप तालुक्यातल्या मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी उघडून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांनी एक गोष्ट बजावली. बिडाचं मशीन दहा-पंधरा किलोचं असतं आणि वरच्या कडीने उचलताना ते सगळं वजन त्या छोट्या कुलपावर असतं. कुलूप नीट बसल्याची खात्री केल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही, आणि खालून एक हात ठेवायचाच. आजी ही पेटी उचलून लग्नघरी शिवायला जायची. कडीच्या एका बाजूचं पॉलिश पार उडालंय, तिच्या तळहाताच्या रुंदीएवढं. तिथे मी लाख लावली, पण रंग दिला नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली मापं आहेत, छाती, उंची, बाही, काही पुसट, काही एकमेकांवर. कोणाची ते आता सांगायला कोणी नाही. आत स्पिरीट नेलंच नाही. कोरड्या ब्रशने धूळ काढली आणि झाकण लावलं.